परत येणाऱ्या शत्रूची अट



वर्ध्यात व्याख्यान म्हटले की नई तालीम, ग्रामोद्योग, कापसाचा भाव, फार तर संतसाहित्य असा विषय अपेक्षित असतो. त्या मानाने आजचा विषय काहींना थिल्लर वाटेल. टीव्हीवरच्या विज्ञानकथा-मालिकांत परग्रहावरचे खलनायक पुन्हा पुन्हा परत येतात. ते यावेत की नाही, यावर त्या मालिकांचे चाहते गेली साठ वर्षे हमरीतुमरीवर येऊन भांडत आहेत. एक पक्ष म्हणतो, हरलेला शत्रू दर वर्षी आणून उभा केला की त्याची भीती मरते. दुसरा म्हणतो, तो शत्रू काढून टाका, मग मालिकेत उरते काय? तिसऱ्याची तक्रार वेगळीच: शत्रू आणा, पण त्याचे बालपण, त्याची दुःखे सांगत बसू नका, गूढ गेले की धाक जातो. वाद इंग्लंड-अमेरिकेतला आहे, पण त्याच्या पोटातला प्रश्न आपल्या जिल्ह्याला परका नाही. शत्रू पुन्हा दारात उभा राहिला तर त्याच्याशी बोलायचे की नाही, हे या भागाने कथेतही ऐकले आहे आणि इतिहासातही. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. खलनायक कितव्यांदा आला यावर त्याचे तेज ठरत नाही. तो येताना आपली अट घेऊन आला की नाही, यावर ठरते. अट म्हणजे जी गोष्ट तो प्राण गेला तरी सोडणार नाही, जी सोडली तर तो तो राहणारच नाही. ती शाबूत असेल तर पन्नासाव्या खेपेलाही प्रेक्षक सावरून बसतो. ती हरवली की दुसऱ्याच खेपेला सोंग उघडे पडते.

या प्रकारातला सर्वांत दीर्घायुषी शत्रू म्हणजे बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ मालिकेतले डालेक. मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. तिच्या पहिल्या कथेचा दिग्दर्शक वारिस हुसेन हा लखनौत जन्मलेला तरुण होता, हे आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नसते. मालिकेची कल्पना ज्यांच्या पुढाकाराने आकाराला आली त्या सिडनी न्यूमन यांची ताकीद होती की बटबटीत डोळ्यांचे राक्षस आपल्या मालिकेत नकोत. पण दुसऱ्याच कथेत, त्याच वर्षीच्या डिसेंबरात, लेखक टेरी नेशन यांनी डालेक आणले. रेमंड क्युसिक यांनी त्यांचे रूप घडवले: खाली रुंद, वर निमुळते होत गेलेले धातूचे पिंप, डोक्यावर घुमट, पुढे एक नळीसारखा डोळा, आणि हात म्हणून चक्क तुंबलेले बेसिन मोकळे करायचा रबरी पंप. आत एक माणूस बसायचा आणि पायांनी ते धूड ढकलत न्यायचा. कागदावर हे वर्णन वाचले तर हसू यावे असेच आहे. तरीही इंग्लंडातली मुले सोफ्याच्या मागे दडून ते बघत. पहिल्या कथेच्या शेवटी डालेक पार संपतात, कारण ते शहराच्या धातूच्या जमिनीतून मिळणाऱ्या विजेवर चालतात आणि ती वीज बंद पडते. लेखकाने त्यांना परत आणायची सोयच ठेवली नव्हती. तरी पुढच्याच वर्षी, १९६४ मध्ये, त्यांना परत आणावे लागले, आणि त्यानंतर ते येतच राहिले.

या पहिल्या कथेतला एक भाग वर्ध्याच्या श्रोत्यांनी जवळून पाहण्यासारखा आहे. डालेकांच्या ग्रहावर थाल नावाची आणखी एक जमात आहे. पूर्वी महाभयंकर युद्ध झाले, त्यात ग्रह होरपळला, आणि थालांनी शस्त्र कायमचे टाकले. उपासमार आली तेव्हा त्यांचा म्होरक्या टेमोसस डालेकांच्या शहरात जातो. अन्न ठेवलेले असते. दोन्ही जमातींनी मिळून ग्रह पुन्हा उभा करावा, असे तो मोकळ्या मनाने बोलतो, आणि दबा धरून बसलेले डालेक त्याला तिथेच ठार करतात. मग पृथ्वीवरून आलेला शिक्षक इयान थालांना लढायला तयार करू पाहतो. ते तयार होत नाहीत. तेव्हा तो त्यांच्यातल्या एका तरुणीचा हात धरतो आणि हिला डालेकांच्या हवाली करतो म्हणून ओढू लागतो. थालांचा नवा नायक अलिडॉन त्याला ठोसा लगावतो. इयान खाली पडतो आणि त्याला हवे ते सिद्ध होते: तुम्हीही एका मर्यादेनंतर हात उचलता. मुलांसाठीच्या संध्याकाळच्या मालिकेत अहिंसेवर इतका थेट खटला चाललेला फार क्वचित दिसतो. लेखकाचा निकाल थालांच्या विरुद्ध आहे, हेही कबूल केले पाहिजे.

टेरी नेशन १९३० साली कार्डिफला जन्मले, त्यांचे लहानपण दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबहल्ल्यांच्या सावलीत गेले, आणि डालेकांमागे नाझी आहेत हे त्यांनी स्वतःच सांगितले होते. डालेकांची अट त्यातून आली: जे डालेक नाही ते जिवंत राहता कामा नये. आता याच्या शेजारी दुसरी एक गोष्ट ठेवा. २३ जुलै १९३९ रोजी, महायुद्ध सुरू व्हायला सव्वा महिना उरला असताना, गांधीजींनी हिटलरला एक छोटे पत्र लिहिले. पत्रावर ठिकाण आहे वर्धा. युद्ध थांबवू शकणारा आज जगात एकच माणूस आहे आणि तो तुम्ही, असा त्याचा आशय. सरकारने ते पत्र जाऊ दिले नाही. २४ डिसेंबर १९४० रोजी दुसरे, बरेच मोठे पत्र लिहिले गेले, तेही वर्ध्याहूनच, आणि तेही पोचले नाही. दोन्ही पत्रांत संबोधन मित्राचे आहे. दुसऱ्या पत्रात तर त्यांनी हे संबोधन औपचारिक नसल्याचे मुद्दाम स्पष्ट केले. तुमचे विरोधक रंगवतात तसे तुम्ही राक्षस आहात असे मी मानत नाही, पण तुमची अनेक कृत्ये राक्षसी आहेत याबद्दल शंका नाही, असे त्यांनी जवळजवळ एका दमात म्हटले. आणि भांडण दोघांनी मिळून निवडलेल्या आंतरराष्ट्रीय पंचांपुढे न्यावे असे सुचवले. म्हणजे ज्या शत्रूवरून डालेक घडले, त्या शत्रूशी बोलण्याचा प्रयत्न टीव्हीवर थालांनी केला त्याच्या तेवीस-चोवीस वर्षे आधी इथून झाला होता.

यावर सरळ आक्षेप येतो. टेमोसस मारला गेला, हिटलर पत्रांनी बधला नसता, मग डालेकांनी गांधीजींना खोटे ठरवले असे का म्हणू नये? मला तसे वाटत नाही, आणि कारण भक्तीचे नाही. थालांनी शस्त्र टाकले ते युद्धाच्या धास्तीने, त्यांच्याकडे प्रतिकाराची कोणतीच रीत उरलेली नव्हती. बलवानाची अहिंसा आणि दुबळ्याची अहिंसा यांत गांधीजींनी आयुष्यभर फरक केला, आणि भ्याडपणा की हिंसा एवढाच पर्याय असेल तर हिंसा बरी, असे १९२० सालीच लिहून ठेवले. असहकार करणारा, डालेकांच्या शहराची चाके थांबवणारा थाल नेशन यांनी लिहिलाच नाही. पण माझ्या मुद्द्यासाठी महत्त्वाचे हे की, ही चर्चा करता येते. डालेकांची अट इतकी स्वच्छ मांडलेली आहे की तिच्यासमोर अहिंसा, शौर्य, दया, कपट, जे आणाल ते तपासून बघता येते. पुढे १९७५ मध्ये डालेकांच्या जन्माची कथा आली. त्यात त्यांचा निर्माता डॅव्हरॉस दाखवला आणि नायकाच्या हातात दोन तारा दिल्या. त्या जोडल्या की ती जातच जन्मण्याआधी नष्ट होणार. नायक थांबतो आणि मला हा अधिकार आहे का असे विचारतो. स्पष्टीकरण दिले की गूढ जाते म्हणणाऱ्या चाहत्यांना हा प्रसंग उत्तर आहे. तिथे डालेकांचे दुःख सांगितलेले नाही. त्यांची अट कुठून आली, कोणत्या युद्धातून, कुणी मुद्दाम दया काढून टाकली म्हणून, एवढेच सांगितले आहे. त्याने धाक वाढला.

आपल्याकडे या शास्त्राची जाण फार जुनी आहे. वैकुंठाचे द्वारपाल जय आणि विजय यांना सनकादिकांचा शाप झाला. लोकांत रुळलेल्या कथेनुसार त्यांना निवड दिली गेली: भक्त म्हणून सात जन्म, की शत्रू म्हणून तीन. त्यांनी तीन घेतले. हिरण्याक्ष-हिरण्यकशिपू, मग रावण-कुंभकर्ण, मग शिशुपाल-दंतवक्र. एकच शत्रू तीन युगांत तीनदा परत आणायचा, आणि तो मुळात घरातलाच निघावा, अशी योजना जगातल्या कोणत्या मालिकेने केली आहे? शिवाय प्रत्येक खेपेला अट निराळ्या कोनातून तपासली जाते. हिरण्यकशिपूचा वर म्हणजे कलमांची यादी: घरात नाही, बाहेर नाही, दिवसा नाही, रात्री नाही, माणसाकडून नाही, पशूकडून नाही. मृत्यू जिथून येऊ शकतो ती प्रत्येक फट बुजवू पाहणारे मन त्या यादीतून दिसते. रावणाने देव, दानव, यक्ष सगळ्यांपासून अभय मागितले आणि माणसाला वगळले, कारण माणूस त्याच्या खिजगणतीतच नव्हता. तिसरा शिशुपाल. तो रुक्मिणीचा नवरा म्हणून कौंडिण्यपूरला वाजतगाजत आला, आणि कौंडिण्यपूर आहे वर्धा नदीच्या काठी, पल्याड अमरावती जिल्हा, अल्याड आपला आर्वी तालुका. त्याच्या बाबतीत कृष्णाने आत्याला शब्द दिला होता की शंभर अपराध पोटात घालीन. शंभर अपराध भरणे हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो, पण त्यात खलनायकाच्या पुनरागमनाचा हिशेबच मांडलेला आहे. शिशुपाल शंभर वेळा येऊ शकतो. त्याच्या येण्याला मुभा आहे, आणि प्रत्येक वेळी मोजणारा कुणीतरी आहे. श्रोत्याला कंटाळा येत नाही, कारण आकडा पुढे सरकतो आहे हे त्याला माहीत असते.

वर आणि अट यांचा संबंध नीट लक्षात घेतला तर आणखी एक गल्लत टळते. अट वेगळी आणि शरीरातली खोट वेगळी. ‘डॉक्टर हू’मध्येच १९६६ साली सायबरमॅन आले. त्यांची कल्पना किट पेडलर नावाच्या वैद्यकीय शास्त्रज्ञाची. शरीराचा एकेक भाग बदलत गेलो तर माणूस म्हणून शेवटी काय उरेल, ही त्याची भीती होती. जगायचे तर भावना काढून टाकल्या पाहिजेत, ही सायबरमॅनची अट. सेवाग्राम आणि सावंगीची दोन वैद्यकीय महाविद्यालये असलेल्या जिल्ह्यात ही भीती समजावून सांगायला नको. पण पुढच्या लेखकांना अट सांभाळता आली नाही, आणि १९७५ मध्ये त्यांनी सायबरमॅनला एक खोट चिकटवली: सोन्याचा स्पर्श त्यांना सोसत नाही. झाले, तिथून उतरण लागली. १९८८ च्या एका कथेत नायकाची सोबतीण गलोलीने सोन्याची नाणी मारून सायबरमॅन पटापट पाडते. जांभळे पाडावीत तसे. मनाला भिडायचे सोडून लेखक शरीरात भोक शोधायला लागला की हे होणारच. चाहते म्हणतात सायबरमॅन फार वेळा आणले म्हणून वाया गेले. डालेक त्यांच्याहून जास्त वेळा आले आहेत.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे आणि त्यात तथ्य आहे. हे शत्रू परत येतात ते खेळणी विकायला, प्रेक्षकसंख्या वाढवायला. अट वगैरे तुम्ही मागाहून चिकटवता. १९६४-६५ च्या सुमारास इंग्लंडात डालेकांच्या खेळण्यांची लाट आली होती, हे खरेच. पण धंद्याने शत्रूला बोलावता येते, टिकवता येत नाही, याचा पुरावा त्याच मालिकेत आहे. १९६५ मध्ये मेकॅनॉइड नावाचे यंत्रमानव डालेकांचे प्रतिस्पर्धी म्हणून आणले, १९६८ मध्ये क्वार्क आणले. दोन्ही वेळा बाजारावर डोळा होता, क्वार्कांच्या हक्कांवरून तर लेखक आणि बीबीसी यांच्यात बिनसले. दोन्ही विरून गेले. अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’ची नवी मालिका १९८७ मध्ये सुरू झाली तेव्हा मुख्य शत्रू म्हणून फेरेंगी ही जमात योजली होती. प्रेक्षक त्यांना हसले. पण फेरेंगींची गोष्ट तिथे संपत नाही. पुढच्या ‘डीप स्पेस नाइन’ मालिकेत लेखकांनी त्यांच्या नफेखोरीचे क्रमांक घातलेले नियमच लिहून काढले, लग्नापासून मृत्यूपर्यंत सगळे व्यवहार त्या नियमांवर चालवले, आणि तीच हास्यास्पद जमात रंगतदार झाली. हिंगणघाटच्या बाजारपेठेत बसवली तरी चालेल इतकी. अट सापडताच मेलेले पात्र उठून बसले. खेळणी विकणाऱ्याचा त्यात काही हात नव्हता.

फेरेंगी फसल्यावर १९८९ मध्ये बोर्ग आले, आणि चाहत्यांचा सर्वांत कडवट वाद त्यांच्याभोवती आहे. बोर्ग ही माणसे आणि यंत्रे यांची एकच एक सामूहिक बुद्धी. त्यांच्यात ‘मी’ नाही. भेटेल त्या संस्कृतीला आपल्यात विरघळवून घेणे ही त्यांची अट. १९९० च्या कथेत त्यांच्या एकाच घनाकृती यानाने चाळीस जहाजांच्या ताफ्यातली एकोणचाळीस उद्ध्वस्त केली. पुढे ‘व्हॉयेजर’ मालिकेत तेच बोर्ग एकट्या जहाजाकडून वारंवार मार खाऊ लागले, आणि चाहत्यांनी निष्कर्ष काढला की अतिपरिचयाने अवज्ञा झाली. माझ्या मते घाव आधीच बसला होता. १९९६ च्या चित्रपटात बोर्गांना राणी दिली. तिला चेहरा आला, लाडीगोडी आली, हेवा आला. ज्यांच्यात कुणी एक नाही त्यांना एक मालकीण मिळाली, म्हणजे अटच मोडली. अभिनेत्रीने काम सुरेख केले आहे, तो भाग वेगळा. याउलट १९९२ मधली एक लहानशी कथा पाहा. एक जखमी तरुण बोर्ग हाती लागतो. त्याच्यामार्फत सगळ्या बोर्गांत विष पसरवायचा बेत ठरतो. पण जहाजावर राहून त्याला ह्यू हे नाव मिळते, मैत्री मिळते, आणि तो पहिल्यांदा स्वतःबद्दल ‘मी’ म्हणतो. जहाजाचा कॅप्टन पिकार्ड, ज्याला स्वतः बोर्गांनी एकदा गिळले होते, बेत सोडून देतो. इथेही बोर्गाला मऊ केलेच आहे. मग राणीने बिघडले आणि ह्यूने का नाही? कारण ह्यूच्या कथेत अट जागेवर राहते आणि एक जण तिच्याविरुद्ध उभा राहतो. राणीच्या कथेत अट लेखकाच्याच लक्षातून गेलेली आहे. २००५ मध्ये रॉबर्ट शिअरमन यांनी एकट्या उरलेल्या डालेकावर जी कथा लिहिली तिच्यातही हेच कौशल्य आहे. एका मुलीच्या स्पर्शाने त्या डालेकात माणसाचा अंश शिरतो, त्याला ऊन अंगावर घ्यावेसे वाटते, आणि आपण शुद्ध डालेक उरलो नाही हे कळताच तो स्वतःला संपवतो. अटीनेच त्याला मारले. भस्मासुराची गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसाला हा शेवट ओळखीचा वाटेल.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. एका अख्ख्या जमातीला एक अट चिकटवायची, ही जात जन्मतः अशीच, असे मुलांच्या मनावर साठ वर्षे ठसवायचे, हे द्वेषाचेच शिक्षण नव्हे का? परग्रहावरचा म्हणून आज चालते, उद्या शेजारच्या वस्तीतल्या माणसाला तोच मुखवटा चढवला जातो. आक्षेप खोटा नाही. अशा मालिका भरपूर निघाल्या आहेत. पण उत्तरासाठी मी तुम्हाला सेलू तालुक्यातल्या केळझरला नेतो. वर्धा-नागपूर रस्त्यावरचे हे गाव महाभारतातली एकचक्रा नगरी असल्याचे इथे मानले जाते. अशी समजूत बाळगणारी गावे देशात आणखीही आहेत, तेव्हा इतिहास म्हणून मी ती सांगत नाही. कथा मात्र आदिपर्वात आहे. बकासुराची अट ठरलेली: एक गाडाभर भात, दोन रेडे आणि गाडा घेऊन येणारा माणूस. घरागणिक पाळी लागलेली. गाव त्याला सरावले होते. राजा नालायक, रक्षण करणारा कुणी नाही, मग राक्षसच बरा, निदान त्याचा नेम तरी ठरलेला, असा तो व्यवहार होता. खलनायकाची अट ही एकट्याची नसते, ती मान्य करणाऱ्या गावाचीही असते, हे व्यासांइतके स्पष्ट कुणी सांगितले नसेल. भीम जातो, राक्षस पाठीत बुक्के मारत असताना शांतपणे सगळा भात खातो, आणि मग त्याला मारतो. इथवर सगळ्यांना माहीत असते. पुढचे सहसा सांगितले जात नाही. आवाज ऐकून बकाचे नातलग बाहेर येतात, घाबरलेले. भीम त्यांना मारत नाही. यापुढे माणसाला मारायचे नाही, असे वचन घेतो. ते कबूल करतात, आणि तेव्हापासून त्या भागातले राक्षस लोकांत शांतपणे वावरताना दिसू लागले असे महाभारत सांगते. अट बकाची होती, राक्षसांच्या रक्ताची नव्हती.

‘स्टार ट्रेक’ने क्लिंगॉनांच्या बाबतीत नेमके हेच केले, फक्त त्याला चोवीस वर्षे लागली. १९६७ मध्ये क्लिंगॉन आले ते शीतयुद्धातल्या रशियाचे सोंग घेऊन, सपाट आणि कपटी. १९८७ च्या मालिकेत वॉर्फ हा क्लिंगॉन जहाजाचा अधिकारी झाला. १९९१ च्या चित्रपटात त्यांचा एक चंद्र स्फोटात फुटतो आणि साम्राज्य तहाला येते. चेर्नोबिल आणि सोव्हिएत संघाची पडझड प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोरच होती. वाटेत क्लिंगॉनांना खरी अट मिळाली होती, मानाची. मान राखण्यासाठी तो मरेल, मारेल आणि वेळ पडली तर तहही करेल. म्हणून शत्रूचा मित्र झाला तरी क्लिंगॉन हा क्लिंगॉनच राहिला. द्वेषाचे शिक्षण टाळायचा मार्ग शत्रू काढून टाकणे हा नव्हे. त्याची अट इतकी नीट लिहावी की वैर सोडण्याची शक्यताही त्याच अटीतून दिसावी. डालेक ते सोडू शकत नाही, म्हणून तो शोकांत आहे. क्लिंगॉन सोडू शकला.

पुनरावृत्तीने धार जाते, या पहिल्या पक्षाच्या मुद्द्याला विदर्भात तरी कुणी फार वजन देऊ नये. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळ्या आणि पिवळ्या मारबतीचे पुतळे मिरवणुकीने निघतात, आणि हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून चालू आहे. आपल्याकडच्या खेड्यांतही रोगराई, खोकला घेऊन जा म्हणत मारबत वेशीबाहेर घालवतात. तीच बाई, तेच रूप, दर वर्षी बांधायची आणि दर वर्षी जाळायची. सोबतचे बडगे, म्हणजे पुरुषी पुतळे, मात्र दर वर्षी नवे: कधी महागाईचा, कधी भ्रष्टाचाराचा, कधी एखाद्या साथीचा. गर्दी ओसरत नाही. मारबत पुन्हा आली म्हणून कुणी नाक मुरडलेले ऐकिवात नाही. यंदाचा बडगा फुसका आहे, अशी तक्रार मात्र लोक करतात. टीव्हीच्या लेखकांनी हा भेद शिकावा.

मग आपल्या पडद्यावर काय झाले? हिंदीत ‘शक्तिमान’ १९९७ ते २००५ चालले आणि तमराज किल्विष घराघरांत पोचला. सुरेंद्र पाल यांचा आवाज लहान मुलांच्या तोंडी बसला. पण किल्विषाला अंधार हवा, यापलीकडे त्याला काय सोडता येत नाही हे कधी कळले नाही, म्हणून त्याचे प्रत्येक येणे सारखेच. १९९८ चे ‘कॅप्टन व्योम’ देखाव्यात पुढे होते, पण तिथे पळालेल्या गुन्हेगारांना पकडायचे काम होते, परग्रहाचे मन नव्हते. मराठीत परत येणारा खलनायक म्हणजे ‘रात्रीस खेळ चाले’चे अण्णा नाईक. २०१६ च्या पहिल्या पर्वात ते कथेच्या सुरुवातीलाच जातात, २०१९ च्या दुसऱ्या पर्वात मागच्या काळात जिवंत भेटतात. दुसरे पर्व जास्त भिनले, कारण गावावरची सत्ता आणि बाईवरचा हक्क हा माणूस मेल्यावरही का सोडणार नाही, ते तिथे कळले. अण्णा परग्रहावरचे नाहीत, एवढाच काय तो उणेपणा. आपल्या विज्ञानकथेत मात्र शत्रू जवळजवळ नाहीच. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेला जयंत नारळीकरांनी नारायण विनायक जगताप या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. तिथून जी परंपरा वाढली ती प्रामुख्याने शास्त्रज्ञांची आणि विज्ञानलेखकांची. संकट आले तर ते धूमकेतूचे, हिमयुगाचे, विषाणूचे. निसर्गाला अट नसते, त्याला नियम असतात, आणि त्यामुळे त्याच्याशी वाटाघाट करता येत नाही. ही परंपरा प्रामाणिक आहे, मला ती मोलाची वाटते. पण शत्रूशी बोलण्याचा प्रसंगच तिच्यात आला नाही, ही तिची मर्यादा.

मराठी निर्माते याला पैशाचे कारण देतात. यान, वेश, दृश्यपरिणाम परवडत नाहीत म्हणतात. डालेकाचा हात बेसिनच्या रबरी पंपाचा होता आणि आत बसलेला माणूस पायांनी गाडा ढकलत होता, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवे. दिवाळी अंकांच्या संपादकांना मात्र माझी वेगळी विनंती आहे. विज्ञानकथा मागवताना यंदा एक गोष्ट अशी मागवा, जिच्यात परग्रहावरून कुणी येईल, तो आपल्याशी भांडेल, हरेल, आणि पुढच्या वर्षी त्याच अंकात पुन्हा येईल. लेखकाने आधी त्याची अट एका कागदावर लिहून काढावी. ती एका वाक्यात मावली नाही तर कथा छापू नये.